बारवेच्या पायऱ्या आणि बोअरवेलची नळी

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पर्यावरणावर बोलणारा वक्ता बहुधा ध्रुवप्रदेशातील वितळणाऱ्या बर्फापासून आरंभ करतो. ते संकट खोटे नाही. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान दीड अंशाहून अधिक वाढलेले २०२४ हे पहिले वर्ष ठरले. या तापमानवाढीत मोठा वाटा कोणाचा, हेही जगाला ठाऊक आहे. परंतु दूरच्या संकटाविषयी हळहळणे सोपे असते आणि दुसऱ्याच्या अपराधाची मोजदाद करणे त्याहूनही सोपे. म्हणून आज मी आपल्या पायाखालच्या पाण्याविषयी बोलणार आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, हे आपणा सर्वांना स्मरत असेल. कृष्णाकाठचे पाणी मांजराकाठच्या नगरीला वाघिणींतून गेले. ज्यांनी ती व्यवस्था उभी केली त्यांचे कौतुक केलेच पाहिजे. पण लातूर जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरहून अधिक आहे. याच महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी साधारण चारशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि ते गाव टँकरमुक्त म्हणून देशभर ओळखले जाते. तेव्हा दोष केवळ मेघांचा नाही, हे उघड आहे.

दोष कोठे आहे हे समजण्यासाठी आपली भूमी समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. गंगेच्या मैदानातील गाळाप्रमाणे हा कातळ पाणी पोटात साठवत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि कातळातील भेगांत. आपल्या पूर्वजांच्या विहिरी याच वरच्या थरातील होत्या. पावसाळ्यात हा थर भरे आणि उन्हाळ्यात उतरे. ते चालू खात्यातील पाणी होते. खालच्या भेगांतील पाणी ही पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव होती.

१९७२ च्या दुष्काळानंतर ही ठेव मोडण्यास प्रारंभ झाला. त्या दुष्काळाविषयी वृद्ध मंडळी सांगतात की, अन्नाची टंचाई भीषण होती, पण पिण्यापुरते पाणी बहुतेक गावांत मिळत असे. पुढे खोदयंत्रे आली, विजेचे पंप आले, वीज सवलतीत मिळू लागली. दोनशे फुटांवर लागणारे पाणी तीनशेवर गेले आणि मग पाचशेवर. आज जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे. अमेरिका आणि चीन मिळून जेवढे उपसतात त्याहूनही आपला उपसा अधिक आहे. या बाबतीत पाश्चात्त्यांकडे बोट दाखविण्याची सोय आपल्याला नाही.

येथे मला बारवेची आठवण होते. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, बारवा बांधल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने ते पुष्कळदा सांगूनही झाले. बारवेला पायऱ्या असतात. पाणी भरणारी स्त्री चैत्रात किती पायऱ्या उतरली आणि वैशाखात किती, यावरून गावाची शिल्लक गावाला रोज कळत असे. पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून त्यावर सर्वांची दृष्टीही होती. बोअरवेल ही सहा-सात इंचांची नळी आहे. तिच्यात डोकावून कोणालाच काही दिसत नाही. ती आटते त्या दिवशीच कळते. पाणी अदृश्य झाले आणि त्यासोबत त्याविषयीची सामूहिक जबाबदारीही अदृश्य झाली. माझ्या जमिनीखालचे पाणी माझे, अशी समजूत रूढ झाली. वास्तविक माझी नळी शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढत असते!

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. निसर्ग जेवढे स्वतः भरून काढू शकेल तेवढेच मनुष्याने घ्यावे, ही मर्यादा त्यांनी त्यात सांगितली. ‘शोषण नव्हे, दोहन’ हे सूत्र आपल्या बौद्धिक वर्गांतून आपण शेकडो वेळा ऐकले आहे. दोहन करणारा वासराचा वाटा ठेवतो. पण सूत्र पाठ असणे आणि वासराचा वाटा किती, हे लिटरमध्ये मोजणे यांत अंतर आहे. ते मोजण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांच्याकडे आपण पुरेशा आदराने पाहिले आहे काय?

पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ होऊन पुरंदर तालुक्यातील नायगावी गेले आणि तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा राहिला. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावा, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी मिळावे आणि एका कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क असावा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाऊ नये. आणि या पाण्यावर ऊस घ्यावयाचा नाही. समरसता हा शब्द आपण वारंवार उच्चारतो. भूमिहीनाला पाण्याचा वाटा देणारा हा नियम मला त्या शब्दाचा सर्वांत चोख अर्थ वाटतो.

हिवरे बाजारची कथा आपणांस ठाऊक आहे, तरी तिचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेत गाव सहभागी झाले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली, डोंगरावर चर खणले गेले, पाणी मुरले. एवढे पुष्कळ गावांनी केले आहे. जी गावे पुन्हा कोरडी पडली, तेथे पाणी वाढताच उसाचे क्षेत्रही वाढले. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घेण्यास बंदी केली, ऊस आणि केळी यांना मज्जाव केला आणि पाण्याचा ताळेबंद सुरू केला. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, माणसांना आणि गुरांना किती लागेल, उरलेल्या पाण्यात कोणते पीक बसेल, हे ग्रामसभेत मांडले जाते. पाऊस कमी तर रब्बीचे क्षेत्र कमी. पाणी अडविणे हे श्रमाचे काम आहे, ते उत्साहाने होते. उपलब्ध असलेले पाणी न उपसणे हे संयमाचे काम आहे आणि तेथे भले भले थांबतात.

उसाचा उल्लेख केला की सभागृहात चुळबुळ होते, हे मी जाणतो. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्के क्षेत्रावरील हे पीक सिंचनाचे सुमारे दोन तृतीयांश पाणी घेते, असा अंदाज अनेकदा मांडला गेला आहे. पण शेतकऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. खात्रीचा भाव आणि खात्रीचा खरेदीदार उसाला आहे. ज्वारी, तूर, करडईला तो द्या, मग शेतकऱ्याला उपदेश करा. आणि आपण शहरवासी ज्वारी खातो तरी किती?

शहरातील आपल्या घरांचा हिशेबही फार गौरवास्पद नाही. सोसायटीच्या आवारात बोअर घ्यायची, ती आटली की दुसरी, तीही आटली की टँकर. तो टँकर कोणत्या गावच्या विहिरीतून भरला हे विचारायचे नाही. स्वयंपाकघरातील आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडते. ते बादलीत धरून फरशी पुसण्यास वापरणारी कुटुंबे आहेत. ती अपवाद असू नयेत.

आणखी एक अप्रिय गोष्ट. नदीतील निर्माल्याचा, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा विषय निघाला की आपल्यातील अनेकांना राग येतो. उपदेश केवळ हिंदूंच्या सणांनाच का, हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न गैर नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी मौन बाळगणारे अनेकजण गणेशोत्सवातच जागे होतात, हे खरे आहे. पण जिला आपण माता म्हणतो तिच्या स्वच्छतेसाठी इतरांच्या निःपक्षपातीपणाची वाट पाहायची काय? प्रयागच्या २०२५ च्या महाकुंभात ‘एक थाली, एक थैला’ अभियानातून घरोघरच्या थाळ्या व पिशव्या पोहोचल्या, तेव्हा कोणी बाहेरच्याने सांगण्याची आपण प्रतीक्षा केली नव्हती.

महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा आहे, तो अमलात आला २०१४ मध्ये. अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींना त्यात मनाई आहे. किती गावांना हा कायदा माहीत आहे, हे आपण आपल्याच गावी विचारून पाहावे. खोदयंत्राची गाडी रात्री येते आणि पहाटेपूर्वी जाते. तिला अडविण्यासाठी प्रत्येक शिवारात पोलीस ठेवणे शक्य नाही. गावाने ठरविले तरच ती वेशीवर थांबते.

आपल्या शाखा, आपले विविध प्रकल्प शेकडो गावांत आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी एक पर्जन्यमापक बसवावा, असे मी सुचवितो. गावातील पाच विहिरी निवडून त्यांच्या काठावर पट्टी रंगवावी आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेतील मुलांनी पातळी फळ्यावर लिहावी. फळा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, येता-जाता दिसेल असा असावा. ऑक्टोबरमध्ये, रब्बीच्या पेरणीपूर्वी, ते आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत. त्या सभेत वाद होतील. ज्याच्या शेतात सर्वांत खोल नळी आहे, तो कदाचित आपलाच कार्यकर्ता असेल. त्याच्याशी बोलण्यास प्रथम कोणी जावे, हे आजच ठरवून घ्यावे.