यमूचे स्वातंत्र्य आणि दुर्गीची न लिहिलेली कादंबरी





हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली, तेव्हा संमतिवयाच्या बिलावरून पुण्यात रान उठले होते. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेणारा तो कायदा १८९१ साली मंजूर झाला. आणि सभांतून शास्त्रवचनांचा कीस काढला जात असताना, ज्यांच्याविषयी हा सारा कोलाहल चालला होता त्यांच्यापैकीच एक, या कादंबरीची नायिका यमू, आपली हकीकत स्वमुखाने सांगत होती. ती वाणी लिहिणारा हात पुरुषाचा होता हे खरे. तथापि माजघरातील दबकते बोलणे त्या हाताने ज्या निष्ठेने टिपले आहे, तिच्यापुढे मी आजही नतमस्तक होते.

यमूचा पती तिला लिहावाचावयास शिकवितो आणि पुढे मुंबईच्या बिऱ्हाडात तिला मोकळा श्वास घेता येतो. या प्रकरणांची वाखाणणी बहुधा दांपत्यप्रेमाचे रम्य चित्र म्हणून होते. मला मात्र ती वाचताना प्रत्येक वेळी भय वाटते, कारण पुस्तक उघडण्याची, मनातले बोलण्याची जी जी मुभा यमूला लाभली, ती एका सहृदय पुरुषाच्या मर्जीतून आलेली होती; आणि देणाऱ्याच्या हयातीपुरते दिलेले इनाम त्याच्या निधनासरशी खालसा व्हावे, तशी ती पती जाताच एका क्षणात हिरावली गेली. सासरचे शंकरमामंजी तिचे केशवपन बळजबरीने घडवून आणतात, तेव्हा तिची विद्या, तिची विचारशक्ती, तिच्या सुखाच्या आठवणी, सारे तिच्यापाशी शाबूत असते. नसतो तो केवळ स्वतःच्या देहावरचा अखत्यार. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने वाट करून दिली होती खरी, परंतु जिच्या हाती ना पैसा ना स्वतःचे घर, तिला त्या वाटेपर्यंत पोचविणार कोण?

या प्रश्नाला मालतीबाई बेडेकर यांनी पुढच्या पिढीत हात घातला. विभावरी शिरूरकर या नावाने १९३४ साली त्यांनी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी लिहिली, त्याआधी दोनच वर्षे त्यांचा ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ हा सहलिखित ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, आणि हा योग मला फार मोलाचा वाटतो. ज्या लेखिकेने विवाहाचा कायदा कलमागणिक तपासला होता, तीच या कादंबरीतील पतीपासून दुरावलेल्या अचलेला प्रेमाचा आणि मातृत्वाचा हक्क मागावयास लावते. येथे स्वातंत्र्य कोणी बहाल करीत नाही. ते घेणारी स्त्री लोकनिंदेची पुरती जाणीव ठेवून ते घेते.

पुढे १९५५ च्या विवाह कायद्याने हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाची वाट मोकळी झाली आणि १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेच्या मर्यादित हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर झाले. या कायद्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. पण यमूची बालमैत्रीण दुर्गी मला अद्याप अस्वस्थ करते. तिचे सौभाग्य अखंड आहे, म्हणून तिचा छळही अखंड आहे. तिच्यासाठी शोकसभा भरत नाही, कोणी सुधारक तिच्या दारी येत नाही. आपटे यांनी तिची कहाणी सांगितली, परंतु यमूच्या तोंडून. नांदत्या घरात, चारचौघांच्या समक्ष जिचा अखत्यार रोज थोडाथोडा काढून घेतला जातो, ती स्वतः ‘मी’ म्हणून बोलू लागेल अशी कादंबरी मी येथे जमलेल्या लेखिकांकडे मागते, आणि ती लिहिताना दुर्गीच्या नवऱ्याला राक्षस न करता, शेजारीपाजारी ज्याला भला म्हणतात असा मनुष्य करावे, एवढे आग्रहाने सुचविते.