वर्तमानपत्राचे पैसे कोण देतो?

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संगणकावर किंवा मोबाइलवर एखादी बातमी वाचावयास घ्यावी, तो तिच्यावर पडदा पडतो आणि त्यावर अक्षरे उमटतात: आपण जाहिरातरोधक वापरीत आहात असे दिसते, तो कृपया बंद करा, कारण जाहिरातींच्या उत्पन्नावरच आमची पत्रकारिता चालते. काही ठिकाणी ही विनंती असते. अनेक ठिकाणी ती अट असते. रोधक काढा, वर्गणी भरा किंवा चालते व्हा. वरवर पाहता ही किरकोळ कटकट वाटेल. वस्तुतः या पडद्याआड वृत्तपत्रसृष्टीतील एक जुना आणि अद्याप न सुटलेला प्रश्न उभा आहे. वर्तमानपत्राचे पैसे कोण देतो, आणि पैसे देणारा त्या पत्रावर कोणता हक्क मिळवतो, हा तो प्रश्न होय.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. आचार्य नरेन्द्र देव आणि अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव हे त्याचे सदस्य होते. धनाढ्य वृत्तपत्रे जाहिरातींच्या बळावर थोड्या किमतीत पुष्कळ पाने देतात आणि त्या स्पर्धेत लहान पत्रे गुदमरतात, असे आयोगास दिसून आले. म्हणून किंमत आणि पृष्ठसंख्या यांचे प्रमाण सरकारने ठरवून द्यावे, अशी शिफारस त्याने केली. तीनुसार १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश निघाला. त्याला आव्हान दिले ते पुण्याच्या ‘सकाळ’ने. सात नव्या पैशांच्या किमतीत ‘सकाळ’ सोमवार ते शनिवार मिळून ३४ पाने देत असे. आदेशाप्रमाणे त्याला २४ च देता आली असती, अन्यथा किंमत वाढवावी लागली असती. ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २५ सप्टेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविले. न्या. मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालपत्राचे सूत्र असे: जाहिरात घटली की किंमत वाढते, किंमत वाढली की खप घटतो, आणि खप घटविणे म्हणजे विचारप्रसाराच्या स्वातंत्र्यावरच घाला घालणे होय.

निकाल स्वातंत्र्याच्या दृष्टीने योग्यच होता. सरकारच्या हाती पानांची फूटपट्टी देणे किती धोक्याचे, हे आणीबाणीने पुढे दाखवून दिले. परंतु आयोगाने दाखविलेले दुखणे निकालाने बरे झाले नाही. स्वस्त वर्तमानपत्र हे जाहिरातदाराच्या पैशावर उभे असते, हे वास्तव तसेच राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा पैसे देऊ करूनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही. जाहिरातीचे दार कोणासाठी उघडावयाचे हे दाराचा मालक ठरवतो, याचे याहून बोलके उदाहरण मराठीत नसेल. आणि १९४३ साली पुण्यात रानड्यांवर व्याख्यान देताना त्यांनीच बजावले होते, की या देशात पत्रकारिता हा आता साबणाच्या धंद्यासारखा धंदा झाला आहे.

तरीही छापील जाहिरातीत एक प्रामाणिकपणा होता. ती सर्वांना सारखीच दिसे. ती पान उलटणाऱ्याच्या मागे घरापर्यंत येत नसे, आणि तिचा कागद, शाई व वाहतूक यांचा खर्च जाहिरातदाराच्या दरात धरलेला असे. संकेतस्थळावरील जाहिरातीचे अर्थशास्त्र निराळे आहे. वाचक पान उघडतो तेव्हा त्याचेच यंत्र दूरदूरच्या अनेक संगणकांना हाक मारते. हा वाचक कोण, कोठला, काल त्याने काय शोधले, ही माहिती त्यांच्याकडे जाते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याच्या नजरेचा लिलाव होतो. आणि जो सर्वांत जास्त बोली लावील त्याची जाहिरात त्याच्यापुढे येते. जाहिरातरोधक काय करतो? तो या हाका मारण्यास नकार देतो. संकेतस्थळाला हा नकार कळतो आणि मग पडदा पडतो.

नाशिक जिल्ह्याला लिलाव शिकवावा लागत नाही. लासलगावच्या बाजार आवारात शेतकरी आपल्या कांद्याच्या ट्रॅक्टरशेजारी उभा असतो. बोली त्याच्या कानांवर पडते, भाव त्याला कळतो, तो पटला नाही तर माल परत नेण्याचा हक्क त्याला असतो. तेथेही अन्याय होतोच. म्हणून तर आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय राज्य सरकारला २०१६ साली करावा लागला आणि त्यावर व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. पण वाचकाच्या लिलावात वाचकाला बोली ऐकू येत नाही, भाव कळत नाही आणि माल परत नेण्याची सोयही नाही. येथे आवाराचा मालक, विकणाऱ्याचा आडत्या आणि घेणाऱ्याचा दलाल या तिन्ही भूमिका एकच कंपनी करू शकते. गूगलने या बाजाराच्या दोन भागांत बेकायदेशीर मक्तेदारी राखली, असा निर्णय अमेरिकेतील संघ न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला. भारतातील डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून आपल्या स्पर्धा आयोगानेही जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश काढला होता.

वाटेत किती गळते याचा अंदाज एका तपासणीवरून येतो. ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या संघटनेने प्राइस वॉटरहाऊस कूपर्स या लेखापाल संस्थेकडून हिशेब काढविला आणि तो २०२० साली प्रसिद्ध केला. जाहिरातदाराने दिलेल्या रकमेपैकी सरासरी ५१ टक्केच प्रकाशकाच्या हाती पडत होते, आणि १५ टक्के रक्कम कोठे गेली याचा पत्ताच लागला नाही. तेव्हा रोधक काढून टाकणारा वाचक पत्रकाराला मदत करतो खरा, पण त्या मदतीतील फार मोठा वाटा दलालांची साखळीच खाते.

वाचकाला हे फुकटही पडत नाही. जाहिरातींच्या चित्रांचा आणि चलच्चित्रांचा डेटा त्याच्याच रिचार्जमधून जातो. स्वस्त मोबाइलवर वाचणाऱ्या शेतमजुराच्या मुलीला ही पट्टी अधिक जाचते, कारण तिचे यंत्र मंद आणि डेटा मोजका असतो. शिवाय जाहिरातींच्या रूपाने फसवणूकही येते. अमेरिकेच्या एफ.बी.आय.ने डिसेंबर २०२२ मध्ये नागरिकांना खोट्या जाहिरातींपासून सावध करताना जाहिरातरोधक वापरण्याचाच सल्ला दिला. ज्या साधनाची शिफारस पोलीस यंत्रणा करते, त्याच्या वापरास चोरी म्हणणे अतिशयोक्तीचे आहे.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. बातमी आकाशातून पडत नाही. जिल्हा परिषदेच्या सभेत कोणीतरी बसावे लागते, धरणग्रस्तांच्या वस्तीवर कोणीतरी जावे लागते, माहितीच्या अधिकारात अर्ज करून वाट पाहावी लागते. हे सर्व घ्यावयाचे, जाहिरात नाकारावयाची आणि वर्गणीही भरावयाची नाही, या वागणुकीस अर्थशास्त्रात फुकट्याची वृत्ती म्हणतात. सार्वजनिक हिताच्या वस्तू याच वृत्तीने मरतात. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीबरोबर जाहिरातीही गोळा कराव्या लागतात, हे मराठी पत्रसृष्टीचे उघडे गुपित आहे. उजळ माथ्याने येणारी जाहिरात बंद झाली, तर तो भार त्याच्यावरच वाढेल, आणि मग जाहिरात बातमीचा वेष घेऊन येईल. २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्राने ‘पेड न्यूज’चे दर्शन घेतलेच आहे. स्वतःला जाहिरात न म्हणविणारी जाहिरात कोणत्याही रोधकाच्या जाळ्यात सापडत नाही.

रोधकांचाही बाजार झाला आहे. ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ने २०११ पासून ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींना वाट दिली आणि तिच्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेतले; म्हणजे जकात नाका तोच, फक्त नाकेदार बदलला. उलट ज्यांच्या हाती ब्राउझर आणि व्हिडिओ दोन्ही आहेत, त्यांना विनवणीची गरज उरत नाही. यूट्यूबने २०२३ पासून रोधक वापरणाऱ्यांना अडविण्यास सुरुवात केली. पुढे क्रोम ब्राउझरची रचना बदलून गूगलने काही प्रभावी रोधक निकामी केले. लहान मराठी संकेतस्थळाची विनंती आणि बलाढ्य कंपनीचा हुकूम यांची अक्षरे एकच असली, तरी अर्थ एक नाही.

मग न्याय्य मार्ग कोणता? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये सांगितलेले तत्त्व विचारात घेण्याजोगे आहे. रोधक पुरविणे ही अनुचित स्पर्धा नव्हे, त्याचा वापर करावा की नाही हे वाचक ठरवील; आणि रोधक वापरणाऱ्याला प्रवेश नाकारण्यास प्रकाशकही मोकळा आहे. येथपर्यंत दोन्ही पक्ष समान दिसतात. पण कायद्यापुढील समानता ही बाजारातील समानता नसते. पर्याय उपलब्ध असेल तरच संमतीला अर्थ येतो. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असावी असे म्हटले आहे; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. पाळत पत्करा नाहीतर बातमी विसरा, या पडद्यापुढे दिलेली संमती मुक्त कशी, हा प्रश्न ग्राहक संघटनांनी लावून धरावा.

पाळतीवाचून जाहिरात चालू शकते. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२० च्या आरंभी वाचकाचा माग काढणाऱ्या जाहिराती सोडल्या आणि मजकुराला अनुरूप जाहिराती दिल्या. तिचे उत्पन्न घटले नाही, वाढले. द्राक्षावरील लेखाशेजारी औषधफवारणीच्या पंपाची जाहिरात दाखविण्यास वाचकाची जन्मकुंडली लागत नाही. तेव्हा मराठी प्रकाशकांनी ‘रोधक काढा’ म्हणण्यापूर्वी स्वतःच्या पानावरील माग काढणारी यंत्रणा काढावी आणि जाहिरातीचे उत्पन्न किती, वर्गणीचे किती, याचा हिशेब वाचकांपुढे ठेवावा. अशा पत्रासाठी वाचकाने आपण होऊन रोधक बाजूला सारणे हे त्याचे कर्तव्य ठरेल. जे वर्गणी देऊ शकतात त्यांनी ती द्यावी. जे देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी ग्रंथालयांनी द्यावी.

ही शेवटची सूचना नाशिकला अपरिचित वाटू नये. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. ज्याला पुस्तक विकत घेणे परवडत नाही त्यालाही वाचता यावे, म्हणून ऐपत असलेल्यांनी वर्गणी भरावयाची, ही व्यवस्था या गावाने इंटरनेटच्या दीडशे वर्षे आधी अंगीकारली. कोणी काय वाचले याची वही तेथेही असते. पण ती वही ग्रंथपाल बाजारात विकत नाही. डिजिटल वर्तमानपत्रांसाठी हीच रीत लागू करावी: जिल्हा व तालुका ग्रंथालयांनी सामूहिक वर्गणी भरावी, अनुदानात त्यासाठी तरतूद व्हावी, आणि कोणते पत्र घ्यावे याचा निर्णय मंत्रालयात न होता वाचनालयाच्या सभासदांच्या सभेत व्हावा. सरकारी जाहिरातीची मेहेरबानी जितकी घातक, तितकीच सरकारी निवडही घातक ठरेल.

१९६१ साली ‘सकाळ’चे दोन वाचक न्यायालयाच्या दारी गेले, ते आपल्या पत्राचे भवितव्य हा आपलाही प्रश्न आहे असे मानून. आजच्या वाचकापुढे पडदा येतो तेव्हा त्याला बटण दाबण्यापुरतेच विचारले जाते. त्याने बटणापुरते उत्तर देऊन थांबू नये. या पत्राचे पैसे कोण देतो, त्या बदल्यात तो काय घेतो, आणि माझा वाटा मी उजळ माथ्याने कसा देऊ, हे तीन प्रश्न त्याने संपादकाला लिहून विचारावेत. ज्या पत्राकडून सरळ उत्तर येईल, त्याला वर्गणी पाठवावी.