नळीची साक्ष



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी बंदुकीच्या नळीवर बोलण्याचे आम्ही योजिले, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पिंजौरच्या श्रोत्यांना लोखंडाची भाषा परकी नाही. १९७१ मध्ये येथे ट्रॅक्टरचा कारखाना उभा राहिला आणि २०१६ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला. या अवधीत आपल्यापैकी कित्येकांच्या घरी लेथच्या गप्पा पानावर बसूनही चालत. कातकाम घाईत उरकले की पोलादावर हत्याराचे वळ राहतात, हे आपणांस सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत बनलेल्या रायफलींवर असेच वळ दिसतात. १९३५ मध्ये स्वीकारलेली त्यांची माऊसर रायफल मूळची मोठी देखणी; ६०० मिलिमीटरची नळी बाहेरूनही गुळगुळीत केलेली. १९४४ नंतर मात्र कच्चा माल, यंत्रे आणि वेळ या तिन्हींचा तुटवडा पडला. नळी साफ करण्याची सळई गेली, संगीन बसविण्याची सोय गेली, नळीच्या बाह्यांगावरील कातीच्या रेघा तशाच राहू लागल्या. पण बार उडताना नळीत तीन हजारांहून अधिक वातावरणांचा दाब उसळतो. त्यामुळे काडतुसाचे घर आणि आतील पेचदार चर यांच्या मापात सूट घेण्याची सोय नव्हती. काटकसर करावी ती बाहेर, आत नव्हे, एवढा विवेक त्या कारागिरांनी राखला होता.

पुढे तुटवड्यातून नवनव्या युक्त्या निघाल्या. १९४४ च्या शरदात सोळा ते साठ वर्षे वयाच्या पुरुषांची ‘फोल्क्सश्टुर्म’ ही लोकसेना उभारण्यात आली. तिच्यासाठी गुस्टलोफ कारखान्याने केलेल्या एका रायफलीच्या नळीला तोंडाजवळ चार बारीक छिद्रे होती. त्यांतून निसटलेला वायू नळीभोवतीच्या आवरणात शिरे आणि मागे येऊ पाहणाऱ्या भागाला क्षणभर रोखून धरी. महागड्या यंत्रणेचे काम चार छिद्रांवर भागविले, ही कल्पकता खरी!

तिसरा नमुना मात्र अजबच. कोपऱ्याआडून, तसेच रणगाड्याला खेटून आलेल्या शत्रूवर गोळी झाडता यावी म्हणून रायफलीच्या तोंडावर बसवावयाची चक्क वाकडी नळी तयार करण्यात आली. तीस अंशांत वळलेली नळी सुमारे तीनशे बारांत निकामी होई. पंचेचाळीस अंशांची त्याच्या निम्म्यावरच. दाब कमी व्हावा म्हणून तिला छिद्रे पाडली होती, तरी वळणावर घासून कित्येक गोळ्यांचे तुकडे होत.

हे सारे ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. पण ज्यांच्यावर ही शस्त्रे रोखली गेली, त्यांत आपली माणसे होती. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चढाई केली. गोळ्यांचा साठा बदलण्यास उसंत न मिळाल्याने दस्त्याने झुंज दिली, आणि शत्रूच्या दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे जर्मनीच्या शरणागतीस जेमतेम महिना उरला असता, सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सहकाऱ्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे नेले व मग शत्रूची ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शत्रू मोडकळीस आला होता. त्याची गोळी आली नव्हती. ओबडधोबड नळीतून सुटलेली गोळीही तितकीच जीव घेते.

कोपऱ्याआडच्या शत्रूचा प्रश्न पुढेही राहिलाच. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने त्याचे उत्तर निराळ्या रीतीने दिले. तिच्या ‘कॉर्नर शॉट’ शस्त्रात पिस्तूल धारण करणारा पुढचा भाग बिजागरीवर डावी-उजवीकडे वळतो. कॅमेऱ्यातील दृश्य सैनिकाला पडद्यावर दिसते. शस्त्र वळते, नळी सरळच राहते. गोळीच्या स्वभावाशी भांडण न करता मार्ग काढला, हे त्यातील शहाणपण. आपल्या शेजारी रामगढलाही संरक्षण खात्याची स्फोटक-चाचणीची जागा आहे. तेथून अधूनमधून येणारा धडाका आपण ऐकलेला असेल; कागदावरची युक्ती रणांगणावर जाण्यापूर्वी तिने अशा परीक्षेला उतरावयाचे असते.

आम्ही आयुष्यभर सरकारी टिपणांवर ‘काटकसर’ हा शब्द लिहीत आलो. कोठे हात आखडावा आणि कोठे कदापि नाही, याचा धडा मात्र या नळ्यांनी दिला. बाह्यांगावर रेघा राहिल्या तर बिघडत नाही. गाभ्याचे माप चुकता कामा नये. घरापासून हजार मैलांवर पन्नास वर्षे मंडळ चालविणाऱ्यांनाही हे उमगलेले असणार. सतरंज्या विरल्या, मांडव लहान झाला, तरी चालेल. मुलांच्या तोंडची मराठी तेवढी आखडू नये, हीच आमची विनंती.