जीव घाबरतो : रुग्णाचा शब्द आणि संगणकाचा संकेतांक



साहित्याच्या प्राध्यापकाने रुग्णालयातल्या संगणकांवर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. पण प्रश्न भाषांतराचाच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईने इथे इंदुरातच डॉक्टरांना सांगितले, "जिना चढले की जीव घाबरतो हो." तिची सगळी हयात याच गावात गेली, तिच्या मराठीत हिंदीतले 'जी घबराना' मुरलेले. तिला म्हणायचे होते, छातीत धडधडते. पडद्यावरच्या यादीतून निवडली गेली 'चिंता'. पुढे ती भावाकडे वडोद्याला गेली. तिथल्या डॉक्टरांनी तोच अहवाल उघडला, झोपेची गोळी दिली. जिन्याचे कुणी विचारलेच नाही. हृदयाच्या ठोक्यांतला दोष चार महिन्यांनी सापडला.

यात यंत्र चुकले नाही, हे लक्षात घ्या. नोंद जशीच्या तशी पोचली. चूकही तितक्याच इमानाने पोचली आणि छापील झाल्यामुळे खरी वाटली.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आपल्याला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. नोंदी त्या त्या रुग्णालयाकडेच राहतात, आपल्या संमतीने दुसरीकडे जातात. त्यांची मांडणी 'फायर' या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते. हे झाले व्याकरण. अर्थासाठी कोश लागतो, आणि खरी गंमत तिथे आहे. 'आयसीडी-१०' या वर्गीकरणात चक्कर म्हणजे आर ४२, शुद्ध हरपणे म्हणजे आर ५५. आता आपली 'भोवळ' कुठे घालाल? 'भोवळ आल्यासारखे वाटले' हे पहिल्यात, 'भोवळ येऊन पडले' हे दुसऱ्यात. घेरी, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, हे भेद एखादी म्हातारी अचूक करते. आर ४२मध्ये ते सारे एक होतात. आयसीडी मुळात मृत्यूच्या कारणांच्या यादीतून वाढलेली. मोजणीला ती ठीकच आहे. 'स्नोमेड सीटी' अधिक बारीक. तिच्यात एका संकल्पनेला एक क्रमांक, आणि त्याखाली अनेक समानार्थी शब्द, निरनिराळ्या भाषांतलेसुद्धा.

'फायर'मधली एक सोय मला फार आवडली. संकेतांकाशेजारी साध्या मजकुरालाही जागा असते. आईचे वाक्य तिथे राहू शकले असते. पण बाहेर पन्नास माणसे बसलेली असताना डॉक्टरांनी ते टंकायचे कधी, हेही खरेच.

आपले परिभाषाकोश बहुतेक इंग्रजी संज्ञेकडून मराठी प्रतिशब्दाकडे येतात. इथे उलटा कोश हवा, रुग्णाच्या बोलीकडून संकल्पनेकडे जाणारा. तोही गावागावाचा वेगळा. इंदूरचे 'घाबरणे' पुण्याला चालणार नाही. या सत्रात आमचे एम.ए.चे विद्यार्थी घरच्या वडीलधाऱ्यांकडून दुखण्याचे असे शब्द उतरवून घेत आहेत. नुसता शब्द नाही, पूर्ण वाक्य लिहायचे, असे मी त्यांना बजावले आहे. वहीत पहिले वाक्य आईचे आहे, जिन्यासकट.