तोटा वेगळ्या ओळीत
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



उद्योगातील पारदर्शकता म्हटले की जाडजूड वार्षिक अहवाल डोळ्यांसमोर येतो. पण असे अहवाल हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचेही निघत. नामांकित लेखापरीक्षक होते, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदणी होती, 2008 मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कारसुद्धा मिळाला होता! आणि 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतःच पत्राने कळवले की, ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. सुरुवातीची तफावत किरकोळ होती, असेही त्यांनी त्यात लिहिले.

ते 'किरकोळ' मला चांगले समजते. पीण्याला माझे छोटे वर्कशॉप होते. एकदा मशीन बंद पडले आणि मी गिऱ्हाइकाला फोनवर सांगितले, "माल ट्रकवर चढलाय." त्याने ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात माणूस पाठवला. ऑर्डर काही गेली नाही, पण पुढे प्रत्येक खेपेला त्याचा माणूस माल मोजायला माझ्या दारात उभा असे. मशीन बिघडले हे त्याच दिवशी सांगितले असते, तर दोन शब्द ऐकून घ्यावे लागले असते, इतकेच.

आपल्या बंगळुरूचेच उदाहरण घ्या. इन्फोसिस 1981 साली पुण्यात सुरू झाली आणि 1983 मध्ये इथे आली. 1993 च्या भागविक्रीनंतर कंपनीने काही पैसा शेअर बाजारात गुंतवला आणि त्यात तोटा झाला. मूळ धंदा नफ्यात होता, त्यामुळे हा तोटा कुठल्याही रकान्यात सहज विरघळला असता. त्यांनी तो भागधारकांपुढे उघड मांडला. त्याच कंपनीत 2017 साली पनाया ही कंपनी विकत घेण्याच्या आणि माजी वित्तप्रमुखांना देऊ केलेल्या रकमेच्या प्रश्नावरून संस्थापक नारायण मूर्तींनाच संचालक मंडळाकडे जाहीर विचारणा करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर माझेच व्याख्यान अपारदर्शक व्हायचे.

आता घरचा विषय. आपण दरवर्षी स्मरणिकेच्या शेवटी जमाखर्च छापतो. यंदा मंडपाच्या खर्चात तूट आहे, असे कोषाध्यक्ष मघाशी हळूच म्हणाले. ती 'इतर खर्चा'त घालू नका. वेगळ्या ओळीत 'तूट' असेच छापा. लोक विचारतील, विचारू देत. वर्गणी वाढवायचा विषयही त्याच बैठकीत निघेल.