हेपॅटायटिस बी : दडवू नका, तपासून घ्या
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण, आष्टी, जि. बीड)



दरवर्षी ह्या मेळाव्यात परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि मुलींचे पुढील शिक्षण ह्या विषयांवर बोलले जाते. ह्या वेळी मला आरोग्याचा विषय दिला गेला आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. कोणाला कोणते औषध द्यावे हे सांगणे माझे काम नव्हे. परंतु जी गोष्ट नीट माहीत नसल्यामुळे आपल्या घरांतील कमावती मुले आणि नांदत्या लेकी हकनाक दुःख भोगतात, ती समजावून सांगणे हे शिक्षकाचे काम आहे, असे मी मानतो. ती गोष्ट म्हणजे हेपॅटायटिस बी.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण 'कावीळ झाली' म्हणतो, तेव्हा कावीळ हाच एक रोग आहे असे धरून चालतो. वास्तविक कावीळ हे लक्षण आहे. यकृताला, म्हणजे लिव्हरला सूज आली की डोळे व लघवी पिवळी होते. ही सूज आणणारे विषाणू निरनिराळे आहेत. ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून येतात आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातात. बी आणि सी हे मुख्यतः रक्तातून येतात आणि वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम ठोकू शकतात.

म्हणूनच आपल्याकडे कावीळ 'उतरविणारा' यशस्वी ठरतो. तो गळ्यात माळ घालतो, पाला देतो किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुववतो. पाणी पिवळे होते आणि पाहणाऱ्यांची खात्री पटते. विज्ञानाच्या तासाला मुलांनी हे करून पाहावे : आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात धुतला, तर निरोगी माणसाच्या हातानेही पाणी पिवळे होते. ज्याची कावीळ आपोआप जाणारच होती तो बरा होतो आणि श्रेय माळेला मिळते. बी विषाणूचेही प्रौढ माणसात बहुधा असेच होते. शंभरातील सुमारे पंचाण्णव प्रौढांचे शरीर सहा महिन्यांच्या आत तो विषाणू बाहेर घालवते. प्रश्न राहतो तो उरलेल्यांचा. त्यांच्या डोळ्यांचा पिवळेपणा जातो, भूक लागते, ते कामाला लागतात. परंतु विषाणू यकृतात तसाच राहतो. कित्येकांना तर आयुष्यात एकदाही कावीळ झालेली नसते.

ह्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण देतो. जुलै १९८२ मध्ये बंगळूर येथे 'कुली' चित्रपटाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन गंभीर जखमी झाले. मुंबईत त्यांचे प्राण वाचविण्यासाठी सुमारे दोनशे रक्तदात्यांचे साठ बाटल्या रक्त देण्यात आले. त्यांपैकी एका दात्याच्या रक्तात बी विषाणू होता. हे त्यांना कळले ते पुढे अठरा-वीस वर्षांनी, एका नेहमीच्या तपासणीत. तोपर्यंत यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. हे सारे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने दक्षिण-पूर्व आशियासाठी हेपॅटायटिसविषयक सदिच्छादूत म्हणून त्यांची निवड केली आणि वयाची ऐंशी ओलांडल्यावरही त्यांनी काम सोडले नाही. ह्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. वीस वर्षे माणसाला काहीही त्रास जाणवला नाही, ही पहिली. इतके नुकसान झाल्यावरही वेळेवर उपचार आणि नियमित तपासणी यांमुळे माणूस कामाचा राहिला, ही दुसरी.

आता आपल्या घरांकडे वळू. हा विषाणू आपल्याला सापडतो कोठे? बहुतेक वेळा तीन ठिकाणी. रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीच्या तपासणीत, गरोदर बाईच्या तपासणीत, आणि आखाती देशांत कामाला जाण्यापूर्वी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत. ह्या तिसऱ्या ठिकाणी कागदावर एकच शब्द येतो : 'अनफिट'.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या कागदावर हा शब्द आला. त्याने घरी सांगितले की व्हिसा आला नाही. कागद पेटीच्या तळाशी ठेवला. बहिणीचे लग्न ठरायचे होते, गावात बोभाटा नको, हा त्याचा विचार. गुपचूप पाला खाणे सुरू केले. तीन वर्षांनी पोटात पाणी झाले, तेव्हा पेटी उघडली. आज तो रोज एक गोळी घेतो, मोटारी रिवाइंड करण्याचे दुकान चालवतो आणि त्याच्या रक्तातील विषाणू आटोक्यात आहे. परंतु यकृताचे जे तीन वर्षांत गेले ते पूर्ण भरून आले नाही. पालकहो, 'अनफिट' याचा अर्थ त्या देशाच्या नियमाप्रमाणे प्रवेश नाही, एवढाच आहे. माणूस नालायक आहे असा त्याचा अर्थ नाही. उलट वेळेवर मिळालेली ती सूचना आहे. कागद पेटीत ठेवू नका, दवाखान्यात न्या.

दुसरा प्रश्न आपल्या लेकी-सुनांचा. गरोदरपणात तपासणी झाली, दोष सापडला, की सासरच्या नजरा बदलतात. कधी तिला माहेरी धाडण्याची भाषा निघते. येथे विज्ञान काय सांगते ते ऐका. ज्या बाळाला जन्माच्या वेळी आईकडून हा विषाणू मिळतो, त्याच्या शरीरात तो कायमचा राहण्याचा संभव शंभरात सुमारे नव्वद असतो. प्रौढपणी झाल्यास तो शंभरात पाचांहून कमी असतो. म्हणजे आज पंचवीस वर्षांच्या बाईत आढळलेला विषाणू बहुधा बालपणीच, तिला काहीही समजण्यापूर्वी, तिच्या अंगात आलेला असतो. पुरुषाचेही तसेच. ह्यात चारित्र्याचा संबंध जोडणे अज्ञानाचे आहे आणि अन्यायाचेही आहे. शिवाय बाळाला वाचविणे आज आपल्या हाती आहे. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि आईला विषाणू असल्यास सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यावयाचे. आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असेल, तर शेवटच्या तीन महिन्यांत तिलाही गोळी देतात. अशी आई बाळाला अंगावर पाजू शकते.

मात्र त्यासाठी बाळंतपण दवाखान्यात झाले पाहिजे. आपल्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात. कोपीवर जन्मलेल्या बाळाला पहिल्या चोवीस तासांतील डोस कोण देणार? म्हणून टोळी निघण्यापूर्वी गरोदर बाईची रक्ततपासणी करून घ्यावी, कार्ड सोबत द्यावे आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवावे. मुकादमाला उचलीबद्दल विचारतो, तसे दवाखान्याबद्दलही विचारा.

लसीची हकीकत विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. हा विषाणू शोधणारे अमेरिकन शास्त्रज्ञ बरूच ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. १९८० च्या दशकात लस आली, पण परदेशी लस गरिबाला परवडणारी नव्हती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स ह्या संस्थेने आपल्या देशात लस तयार केली आणि किंमत उतरली. वरप्रसाद रेड्डी हे तिचे संस्थापक पेशाने डॉक्टर नव्हते, अभियंते होते. २००२ पासून काही जिल्ह्यांत आणि २०११ पासून साऱ्या देशात ही लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. जन्मताच एक डोस आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लसीतून. तैवानमध्ये १९८४ पासून बाळांना ही लस देण्यात आली आणि तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग स्पष्टपणे घटला. म्हणजे ही कर्करोगापासूनही बचाव करणारी लस आहे. जे २०११ पूर्वी जन्मले त्यांपैकी अनेकांना ती मिळालेली नाही. त्यांनी एकदा तपासणी करावी आणि विषाणू नसेल तर लस घ्यावी. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

रोग कसा पसरतो आणि कसा नाही, हे पाठ करण्यासारखे आहे. एका ताटात जेवल्याने, हात मिळविल्याने, गळाभेटीने, एका बाकावर बसल्याने, मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहिल्याने, खोकल्याने वा डासाने तो पसरत नाही. पसरतो तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरू शकतो. म्हणून दाढीचे ब्लेड, दात घासण्याचा ब्रश, नेलकटर प्रत्येकाचे वेगळे असावे. न्हाव्याकडे, खतनाच्या वेळी, मुलींचे कान टोचताना, गोंदवून घेताना, हज-उमराहला डोके भादरताना नवे ब्लेड, नवी सुई मागून घ्या. मागताना संकोच नको.

आणि सुई! साध्या तापालाही 'डॉक्टर, एक सुई मारा' असा आपला आग्रह असतो. २००९ साली गुजरातेतील साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात, हेपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि अनेक माणसे दगावली. वापरलेल्या सुया व सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याचे तेथे उघड झाले. गोळीने भागत असेल तर सुई मागू नये. सुई लागलीच, तर पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगावे.

आता ज्यांना हा विषाणू आहे त्यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे पंचवीस कोटी चाळीस लाख आणि आपल्या देशात जवळजवळ तीन कोटी लोक हेपॅटायटिस बीसह जगत होते. आपण एकटे नाही. पहिली तपासणी 'एचबीएसएजी' होय. ती सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिली तर रोग जुनाट समजतात. मग एसजीपीटी, विषाणूचे प्रमाण दाखविणारी डीएनए तपासणी आणि सोनोग्राफी करून डॉक्टर ठरवितात की औषध आताच हवे की नुसती नजर ठेवावी. सर्वांनाच लगेच गोळी लागते असे नाही. पण ठराविक काळाने तपासणी सर्वांनाच लागते. औषध सुरू झाले तर बहुधा टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर ही दिवसाला एक गोळी असते. ती विषाणूला दाबून ठेवते, बहुधा समूळ नाहीसा करीत नाही. म्हणून ती अनेक वर्षे, कित्येकांना आयुष्यभर घ्यावी लागते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीसारखीच ती समजावी. बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. बंद केल्यावर विषाणू उसळून येतो आणि जिवावर बेतू शकते. रमजानमध्येही दिवसाची एक गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीच्या वेळी बसविता येते. आपल्या गोळीची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावी.

दारू पूर्ण वर्ज्य. अनोळखी झाडपाला, भस्मे यांपासून दूर राहावे. त्यांतील काही यकृतालाच अपाय करतात. कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यास आपल्याला हेपॅटायटिस बी आहे हे आधी सांगावे, कारण स्टिरॉइड किंवा कर्करोगाच्या औषधांनी दबलेला विषाणू उठतो. रक्तदान करू नये. लग्न करता येते, मुलेबाळे होतात. जोडीदाराला लग्नापूर्वी खरे सांगावे, त्याची तपासणी करावी, लस द्यावी. लसीचे संरक्षण मिळेपर्यंत निरोध वापरावा. घरातील प्रत्येकाची तपासणी हेही कर्तव्यच.

खर्चाची भीती बाळगू नये. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात हेपॅटायटिस बीच्या तपासणीची व औषधांची मोफत सोय आहे. प्रथम आपल्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी; तेथून जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या उपचार केंद्राकडे पाठविले जाते. बीडला वा अंबाजोगाईला जाण्यात एक दिवस मोडेल, पण तो सत्कारणी लागेल.

शेवटी शाळेविषयी. आपल्या शाळेत एखाद्या मुलाला किंवा मुलीला हा विषाणू असेल, तर त्याने त्याच वर्गात, त्याच बाकावर बसावे, खेळावे, सहलीला यावे. कोणालाही खरचटले तर रक्ताला उघड्या हाताने स्पर्श न करणे आणि सांडलेले रक्त ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसणे, हा नियम सर्वच मुलांसाठी ठेवला की कोणा एकाकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नाही. पालकांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीतही चर्चेला येणार नाही, ही जबाबदारी आम्हा शिक्षकांची.

येत्या २८ जुलैच्या आत प्रत्येक घरातील निदान प्रौढांनी एकदा तपासणी करून घ्यावी, एवढीच माझी विनंती.