वास्तूला विद्येचे लेणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मंडळाच्या जुन्या चुनेगच्ची वास्तूत मराठीचे वर्ग आणि अभ्यासिका सुरू करण्याचा संकल्प आपण सोडला आहे आणि वास्तुसमितीचे काम आमच्याकडे सोपविले आहे. भिंतींना तकतकीत तैलरंग द्यावा, जुने तक्तपोशीचे छत झाकावे, अशा सूचना आल्या आहेत. त्यांवर निर्णय घेण्यापूर्वी आमचा अनुभव ऐकावा, एवढीच विनंती.

आम्ही स्थापत्यविशारद नव्हे, केवळ बी. ए. झालेले केंद्र सरकारचे एक अधिकारी आहोत. काही वर्षांपूर्वी एका अशाच जुन्या इमारतीत प्रशिक्षणवर्ग भरवावयाचे ठरले. उद्घाटनाची तारीख जवळ आली होती. आम्ही चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा करविला आणि वर तैलरंग चढविला. समारंभ थाटात झाला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रंगाला फोड आले, लोणा फुटला आणि ओल फळ्यापर्यंत चढली. चुन्याची भिंत शोषलेले पाणी पुन्हा हवेत सोडते. सिमेंटने आणि रंगाने तिची ती वाटच बंद केली होती. त्या कागदावर सही आमची होती.

पुढे शिमल्यास जाण्याचा योग आला. तेथे हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार बांधलेला आणि १८८८ साली पूर्ण झालेला व्हाइसरॉयचा प्रासाद आम्ही पाहिला. १९४५ ची शिमला परिषद येथेच झाली. स्वातंत्र्यानंतर हे राष्ट्रपती निवास झाले आणि राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या प्रेरणेने ते विद्येस अर्पण झाले. २० ऑक्टोबर १९६५ रोजी येथे भारतीय उच्च अध्ययन संस्थेचे उद्घाटन झाले. जेथे मेजवान्या आणि नृत्ये होत, त्या दालनांत आज ग्रंथालय आहे. सागवान, अक्रोड आणि देवदार यांचे काम मात्र अद्याप शोभते आहे. गंमत अशी की, शिमला शहरात वीज येण्यापूर्वीच या प्रासादात विजेचे दिवे लागले होते. म्हणजे जुन्या वास्तूचे नव्या सोयींशी वैर नसते. वैर असते ते आपल्या घाईशी.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे: भिंतींची डागडुजी चुन्यानेच व्हावी आणि वर चुन्याचीच सफेदी असावी. रंगाआधी छपराची गळती व पन्हळी पाहाव्यात. विजेच्या तारा भिंत न खोदता, बाहेरून पट्टीतून न्याव्यात. पुस्तकांची कपाटे भिंतीपासून वीतभर दूर, स्वतंत्र उभी राहावीत. मुलांना वाचण्यापुरता उजेड मात्र भरपूर असावा. उद्या जे काढावे लागेल, ते वास्तूला ओरखडा न पडता काढता आले पाहिजे.

याने महोत्सवाच्या दिवशी भिंती चकाकणार नाहीत, काम कदाचित त्या दिवसापर्यंत पुरेही होणार नाही. तो दोष आम्ही आनंदाने पत्करू. परंतु मित्रहो, आमच्याकडून पुन्हा एकदा घाईची सही करवून घेऊ नका.